पेसमेकरची तपासणी करताना तंत्रज्ञाने पाळावयाचा क्रम

पेसमेकरच्या तपासणीसाठी रुग्ण आला की प्रोग्रामर (उपकरणातील माहिती बाहेरून वाचणारे आणि सेटिंग बदलणारे यंत्र) सुरू करण्याआधी त्याच्याशी बोलावे. गेल्या खेपेनंतर चक्कर आली का, शुद्ध हरपली का, जिना चढताना पूर्वीपेक्षा अधिक दम लागतो का, हे विचारावे आणि गळपट्टीच्या हाडाखाली जिथे उपकरण बसवलेले असते ती जागा उघडी करून पाहावी. तिथे लाली, सूज किंवा ताणून पातळ झालेली त्वचा दिसल्यास डॉक्टरांना लगेच कळवावे. सूज आहे म्हणून तिथे सुई घालून पाणी काढू नये, कारण निर्जंतुक असलेल्या जागेत त्या सुईबरोबरच जंतू शिरू शकतात.

त्यानंतर ईसीजीची इलेक्ट्रोड्स लावून उपकरणातील माहिती वाचून घ्यावी आणि काहीही बदलण्यापूर्वी मूळ सेटिंग छापून ठेवावे. बॅटरी बदलण्याची वेळ जवळ आल्याची खूण दिसली तर हाताशी साधारण तीन महिने असतात, म्हणून ती नोंद त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत पोहोचली पाहिजे. लीडचा (उपकरणापासून हृदयापर्यंत जाणाऱ्या तारेचा) इम्पीडन्स, म्हणजे विद्युत प्रवाहाला होणारा विरोध, बहुधा २०० ते २००० ओहमच्या दरम्यान असतो. मात्र एकट्या आकड्यापेक्षा मागील नोंदींशी केलेली तुलना मला अधिक मोलाची वाटते. तो एकाएकी घसरला तर लीडचे आवरण फाटल्याची, आणि एकाएकी चढला तर आतील तार तुटल्याची किंवा उपकरणाच्या जोडणीतील स्क्रू सैल राहिल्याची शंका घ्यावी.

खरी कसोटी थ्रेशोल्डच्या (ठोका पाडायला लागणाऱ्या किमान व्होल्टेजच्या) चाचणीत लागते, कारण या चाचणीत आपण हृदयाला मिळणारा आधार जाणूनबुजून कमी करत असतो. म्हणून आधी पेसिंगचा (उपकरणाने विद्युत स्पंद देऊन ठोके पाडण्याचा) वेग हळूहळू उतरवून रुग्णाचे स्वतःचे ठोके पडतात का, ते पाहावे. ते पडत नसतील तर रुग्ण पूर्णपणे पेसमेकरवर अवलंबून आहे असे धरून चालावे, त्याला आडवे झोपवावे, बाहेरून पेसिंग करण्याची सोय असलेला डिफिब्रिलेटर (हृदयाला शॉक देणारे यंत्र) जवळ ठेवावा आणि चाचणीपूर्वी डॉक्टरांना सांगावे. ‘क्षणभर डोके हलके वाटेल, वाटले की लगेच सांगा’ एवढे रुग्णाला आधीच सांगितले की तो घाबरत नाही.

आता एक हात त्याच्या मनगटावरील नाडीवर ठेवावा, नजर ईसीजीवर ठेवावी आणि ०.४ मिलिसेकंदाच्या स्पंदाचा व्होल्टेज पायरीपायरीने उतरवत न्यावा. एका पायरीला स्पाइक (ईसीजीवर उमटणारी स्पंदाची उभी रेघ) जागच्या जागी दिसतो, पण त्याच्यामागे येणारी रुंद लाट उमटत नाही आणि बोटांखालची नाडी चुकते. त्याच क्षणी चाचणी थांबवावी. आणखी एका ठोक्याची वाट पाहू नये. ज्या शेवटच्या पायरीपर्यंत प्रत्येक स्पाइकमागे ठोका आला तो थ्रेशोल्ड होय. तो १ व्होल्ट असेल तर जुन्या, स्थिरावलेल्या लीडसाठी सहसा दुप्पट म्हणजे २ व्होल्ट ठेवतात. नवी लीड बसवल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत थ्रेशोल्ड चढत असल्याने त्याहून बरीच जास्त मोकळीक ठेवावी लागते.

सेन्सिंग (हृदयाचे स्वतःचे संदेश ओळखण्याची उपकरणाची क्षमता) तपासताना रुग्णाला दोन्ही तळहात एकमेकांवर जोराने दाबायला सांगावेत, कारण छातीच्या स्नायूंचे संदेश हृदयाचे समजून उपकरण पेसिंग रोखत असेल, तर ते याच वेळी उघडकीस येते.

चुंबकाबाबत घोटाळा होता कामा नये. साध्या पेसमेकरवर तो ठेवला की बहुतेक उपकरणे ठराविक वेगाने अखंड पेसिंग करू लागतात. आयसीडीवर (हृदयाची घातक लय शॉक देऊन थांबवणाऱ्या, शरीरात बसवलेल्या उपकरणावर) मात्र त्याने शॉक देण्याचे कार्य थांबते आणि पेसिंग आहे तसेच राहते. शस्त्रक्रियागृहातून फोन आला की म्हणूनच ‘उपकरण कोणते आहे?’ हा प्रश्न आधी विचारावा.

एमआरआयसाठी किंवा शस्त्रक्रियेसाठी केलेला तात्पुरता बदल तसाच राहून जाणे ही या कामातील सर्वांत घातक चूक आहे, कारण शॉक बंद ठेवलेला आयसीडी घेऊन घरी गेलेल्या रुग्णाला त्याची काहीच जाणीव नसते. त्यासाठी शेवटी उपकरण पुन्हा वाचून नवे सेटिंग छापावे, दोन्ही कागद शेजारी ठेवून ओळीमागून ओळ ताडून पाहावी, प्रत्येक बदलापुढे त्याचे कारण लिहावे आणि मगच रुग्णाच्या अंगावरील इलेक्ट्रोड्स काढावीत.