गाजर-बीटच्या मूळकुजीला जिवाणूंचा आवर

गाजर, बीट, मुळा उपटल्यावर खालचं टोक कुजून काळं-मऊ निघतं, तेव्हा उपाय करायची वेळ टळून गेलेली असते. स्युडोमोनास फ्लुरोसन्स किंवा बॅसिलस सबटिलिस हे जिवाणू कुज आणणाऱ्या बुरशीच्या आधी मुळाशी जागा धरतात, म्हणून ते पेरणीच्या वेळीच द्यायचे.

1. बियाण्याला किलोमागे या जिवाणूंची 10 ग्रॅम भुकटी चोळा. आधी गुळाच्या पातळ पाण्याचा नुसता हात फिरवा, म्हणजे भुकटी चिकटते. बी सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा.

2. जमिनीसाठी एकरी 1 किलो भुकटी 20 किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात कालवा. हा ढीग पेरणीच्या आठवडाभर आधी सावलीत, ओल्या गोणपाटाखाली ठेवा. खत मुठीत दाबलं की गोळा व्हायला हवा, पण बोटांतून पाणी गळता कामा नये. ढिगात हात घालून पाहा. गरम लागला तर खत कच्चं आहे, त्यात जिवाणू टिकायचे नाहीत. पेरणीच्या वेळी ओळीत टाकून लगेच मातीआड करा. जमीन ओली हवी, आणि शक्यतो संध्याकाळी.

आळवणी करायची (भुकटी पाण्यात कालवून मुळाशी ओतायची) तर नळाचं क्लोरीनचं पाणी रात्रभर उघड्या बादलीत ठेवूनच वापरा. हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

ताम्रयुक्त बुरशीनाशक किंवा स्ट्रेप्टोमायसिन हे जिवाणूनाशक यासोबत मिसळू नका, जिवाणूच मरतील. पाकिटावरची मुदतही बघून घ्या, जुन्या भुकटीत जिवाणू मेलेले असतात, उरते ती नुसती शंखजिऱ्याची पूड.