सात कलमं आणि एक लाल पेन्सिल : नववीला हुकूमशाही शिकवताना

हुकूमशाहीचा धडा हिटलरच्या चेहऱ्यापासून सुरू केला की मुलांना वाटतं, एक वाईट माणूस आला आणि सगळं बिघडलं. म्हणून मी कागदापासून सुरू करते. सलग दोन तास मागून घ्या; एका तासात हे उरकत नाही.

आदल्या दिवशी जर्मनीच्या १९१९ च्या, म्हणजे हिटलरच्या आधीच्या, वायमार संविधानातली सात कलमं सोप्या मराठीत लिहून झेरॉक्स काढा : ११४ व्यक्तिस्वातंत्र्य, ११५ घराची सुरक्षितता, ११७ पत्रव्यवहाराची गुप्तता, ११८ मतस्वातंत्र्य, १२३ सभा, १२४ संघटना, १५३ मालमत्ता. दोघांत एक कागद, एक लाल पेन्सिल. प्रत्येक कलमाचं घरातलं उदाहरण मुलांकडूनच काढून घ्या. इथे वेळ जाऊ द्या. स्वतःचं पत्र दुसऱ्यानं फोडलं तर कसं वाटेल, हे मूल बोललं की ११७ वेगळं समजवावं लागत नाही.

मग फळ्याकडे वळा. इंग्रज विचारवंत लॉक थोडक्यात : हक्क राजा देत नाही, सरकार ते राखण्यासाठी असतं. फ्रेंच विचारवंत मोंतेस्क्यू, १७४८ : कायदा करणारा आणि राबवणारा एकच झाला की स्वातंत्र्य संपलं. आणि २६ ऑगस्ट १७८९ च्या मानवी हक्कांच्या फ्रेंच जाहीरनाम्याचं कलम १६ वहीत उतरवून घ्या : जिथे हक्कांची हमी नाही, सत्तांची विभागणी नाही, त्या समाजाला संविधानच नाही.

आता तारखा. २७ फेब्रुवारी १९३३ च्या रात्री बर्लिनचं संसदभवन जळलं. दुसऱ्याच दिवशी वायमार संविधानाच्या कलम ४८ चा, म्हणजे आणीबाणीच्या अधिकाराचा, आधार घेऊन राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांचा वटहुकूम निघाला. त्यानं हीच सात कलमं स्थगित केली. तुम्ही फक्त आकडे वाचा, मुलं एकेक कलम लाल पेन्सिलीनं खोडतील. मध्ये काही बोलू नका. सातही खोडून झाली की वहीतल्या फ्रेंच कलम १६ चा पहिला अर्धा भाग, हक्कांची हमी, गेला.

फळ्यावर संसद आणि मंत्रिमंडळ असे दोन चौकोन काढा, मध्ये जाड रेघ. २३ मार्चला संसदेनंच हिटलरच्या मंत्रिमंडळाला कायदे करायची मुभा दिली, संविधानाशी विसंगत असले तरी. बाजूनं ४४४, विरोधात ९४. ते ९४ सगळे सोशल डेमोक्रॅट पक्षाचे. कम्युनिस्ट सदस्यांना सभागृहात येऊच दिलं नव्हतं. डस्टरनं रेघ पुसा : सत्तांची विभागणीही गेली.

‘हिटलरनं संविधान फाडलं’ असं मात्र सांगू नका. वायमार संविधान शेवटपर्यंत रीतसर रद्द झालंच नाही. हे सांगितल्यावर एका मुलीनं विचारलं होतं, “बाई, मग कायदा मोडला कुणी?” मी घाईनं उत्तर देऊन टाकलं, याची आजही चुटपुट आहे. तुमच्या वर्गात हा प्रश्न आला तर बाकीच्यांना बोलू द्या, घंटा झाली तरी.

गृहपाठ : आपल्या संविधानातली कलमं २० आणि २१ वाचायची. आणीबाणीतही ती स्थगित करता येणार नाहीत, असं १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनं ठरवलं. ते का ठरवावं लागलं, हे घरी आजी-आजोबांना विचारून यायचं.