उंबराखाली बसून परिसंस्थेच्या आणि उत्क्रांतीच्या संज्ञा कशा शिकाव्यात

क्वचित भेटणाऱ्या माणसाला आपण ‘उंबराचं फूल’ म्हणतो. खरं तर उंबराला फुलं शेकड्यांनी येतात, फक्त ती फळाच्या आत दडलेली असतात. जीवशास्त्राच्या व्याख्या पाठ असूनही पेपरात ‘जीवसंख्या’ आणि ‘समुदाय’ यांची अदलाबदल करणाऱ्या मुलांना मी एवढंच सांगते की जवळचं उंबर शोधा.

सोबत वही, भिंग, ब्लेड, काचेची बरणी आणि मलमलीचा तुकडा घ्या. झाड दत्ताच्या देवळाजवळ असेल तर आधी विचारा. फांदी तोडायची गरज नाही; फळं खोडालाच लगडलेली असतात.

पहिला अर्धा तास काही न कापता नुसतं बसा आणि दिसेल ते लिहा: तांबट, बुलबुल, खार, मुंग्या, खाली सडलेल्या फळांवरच्या माश्या. या परिसरातले एकाच जातीचे सगळे बुलबुल म्हणजे एक जीवसंख्या. बुलबुल, खारी, मुंग्या, बुरशी आणि स्वतः उंबर मिळून समुदाय. त्यात माती, ओल, ऊन हे निर्जीव घटक धरले की परिसंस्था. ही संकल्पना ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टान्सली यांनी 1935 मध्ये मांडली.

इथंच एक घोळ निस्तरून घ्या. मराठी विश्वकोशात ‘जाती’ म्हणजे स्पीशीज आणि ‘प्रजाती’ म्हणजे जीनस. वर्तमानपत्रं मात्र स्पीशीजलाच प्रजाती म्हणतात. विश्वकोशाच्या रीतीनं उंबर, वड आणि पिंपळ या फायकस या एकाच प्रजातीतल्या तीन जाती. तुमचं पुस्तक कोणती रीत पाळतं ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आता एक हिरवं फळ उभं चिरा. आत दाटीनं बसलेली बारीक फुलं भिंगातून दिसतील. दुसरं, लाली चढायच्या बेतात असलेलं फळ बरणीत ठेवून तोंडाला मलमल बांधा. वेळ बरोबर साधली असेल तर एक-दोन दिवसांत त्यातून डासाहूनही लहान गांधीलमाश्या बाहेर पडतील. त्या सगळ्या माद्या. बिनपंखी नर आधी जन्मतात, आतच मीलन करतात, बाहेर पडायची वाट पोखरतात आणि फळातच मरतात. मादी पराग घेऊन दुसरं कोवळं फळ गाठते. त्याच्या चिंचोळ्या तोंडातून शिरताना बहुधा तिचे पंख तुटतात. आत ती काही फुलांत अंडी घालते आणि बाकीच्यांचं परागण करते. दोघांचाही फायदा, म्हणून ही सहोपकारिता. काही माश्या मात्र लांब सुईसारख्या अवयवानं फळाला बाहेरूनच भोसकून अंडी घालतात आणि पराग देत नाहीत. त्या परजीवी.

उत्क्रांतीची सर्वांत मोठी चूक याच पानावर होते. ‘आत शिरता यावं म्हणून माशीनं डोकं चपटं केलं’ असं लिहू नका. पूर्वीच्या माश्यांत डोक्यांच्या आकारात फरक होते, ते फरक आनुवंशिक होते आणि आत सहज शिरणाऱ्यांची पिल्लं जास्त जगली. पिढ्यान्‌पिढ्या असं होत गेलं, ही नैसर्गिक निवड. तिच्यातून घडलेलं चपटं डोकं हे अनुकूलन. एकटी माशी उत्क्रांत होत नाही, जीवसंख्या होते. फळाचं तोंड आणि माशीचं डोकं एकमेकांना घडवत आले, म्हणून सहउत्क्रांती.

आधारभूत जाती (कीस्टोन स्पीशीज) म्हणजे जिच्यावर समुदायातल्या इतर अनेक जाती अवलंबून असतात अशी जाती. ही संज्ञा अमेरिकी जीवशास्त्रज्ञ रॉबर्ट पेन यांनी 1969 मध्ये अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या तारामाशासाठी वापरली. उंबरालाही ती शोभते: वर्षातून अनेकदा आणि वेगवेगळ्या झाडांवर वेगवेगळ्या वेळी फळं येत असल्यानं इतर झाडं रिकामी असतानाही हरियाल आणि वटवाघळांना इथं अन्न मिळतं.

घरी गेल्यावर प्रत्येक संज्ञेपुढं व्याख्या लिहू नका. दोन जीवांची नावं आणि त्यांच्यातलं देणंघेणं एका वाक्यात लिहा. जिथं वाक्य अडेल ती संज्ञा कळलेली नाही; तेवढ्यासाठी महिन्याभरानं त्याच झाडाखाली पुन्हा बसा.