फिल्टरला फंक्शनचं नाव द्या, कंस नको

नागपूरच्या मे महिन्यातल्या कमाल तापमानाची यादी आहे, समजा ४३, ४५, ४१, ४६, ४४. त्यातून ४५ आणि त्यावरचे आकडे तेवढे निवडायचेत. पायथॉनमध्ये त्यासाठी लूप, इफ, अपेंड असा पसारा मांडायला नको. 'कडक_ऊन' नावाचं छोटं फंक्शन लिहा: एक आकडा घ्यायचा, तो ४५ किंवा जास्त असेल तर ट्रू परत करायचं. मग फिल्टरला (filter, अटीत बसणाऱ्या गोष्टी निवडणारं पायथॉनचं तयार फंक्शन) आधी हे फंक्शन द्या, नंतर यादी. उरतात ४५ आणि ४६.

फंक्शनचं नुसतं नाव द्यायचं. पुढे कंस लावलेत की ते तिथंच चालतं आणि आकडाच मिळाला नाही म्हणून टाइपएरर फेकतं.

खरी फजिती पुढे आहे. पायथॉन ३ मध्ये फिल्टर यादी देत नाही, इटरेटर देतो, म्हणजे आकडे एकेक करून हातात देणारी वस्तू. संत्र्याची पेटीच म्हणा ना, एकदा रिकामी केली की संपली! मी आधी लूप लावून सगळे आकडे छापून पाहिले, मग त्याचीच बेरीज केली, तर उत्तर शून्य. अर्धी दुपार त्यात गेली. पुन्हा वापरायचं असेल तर फिल्टरभोवती लिस्ट गुंडाळा.

फंक्शनऐवजी नन (None, पायथॉनमधलं 'काहीच नाही') दिलं तर रिकाम्या नोंदी गळतात हे खरं, पण सोबत शून्यही जातं. पावसाच्या यादीत शून्य मिलिमीटर ही खरी नोंद असते, तिथं हे करू नका.

अट एका ओळीची असली तर मी लिस्ट कॉम्प्रिहेन्शनच (चौकटी कंसात एका ओळीत लूप आणि अट लिहून यादी बनवणं) वापरतो. वाचायला सोपं पडतं.