घरचा मिरचीचा सॉस फसफसू नये म्हणून काय करायचं

गेल्या मे महिन्यात रायवळ आंबा आणि लवंगी मिरचीचा सॉस केला होता, चव इतकी छान झाली की पाहुण्यांनी बाटल्या मागून नेल्या. पाचव्या दिवशी स्वयंपाकघरात फट्टकन आवाज आला, जाऊन बघते तर बूच उडून लांब पडलेलं आणि बाटलीच्या तोंडातून केशरी फेस ओघळतोय, तळातून बारीक बुडबुडे वर येतच होते. मग पाहुण्यांना एकेक फोन करून बाटल्या फेकायला सांगितल्या. तेव्हापासून खालच्या पद्धतीनेच करते.

तिखट मिरची घातली की सॉस टिकतो, हा समज आधी काढून टाका. टिकवतो तो आंबटपणा. आंब्याची, अननसाची, गुळाची साखर यीस्ट खातं आणि गॅस सोडतं, त्यात आपल्या किनाऱ्यावरची दमट गरमी, मग काय, बाटलीत प्रेशर येणारच.

१. मिरच्या धुऊन फडक्यावर पूर्ण कोरड्या करा, देठाशी काळं पडलेली एकही घेऊ नका. आंबा, लसूण, गूळ जे काय घालायचंय ते सगळं शिजवायच्या आधीच घाला. माझी चूक इथेच झाली होती, सॉस गार झाल्यावर वरून कच्चा रस ढवळला होता.

२. अर्धा किलो मिरच्या-फळाला साधारण पाव लिटर व्हिनेगर घ्या, लेबलवर अॅसिटिक अॅसिड किती टक्के ते बघा, ५ टक्के असेल तर उत्तम. माडीचं घरगुती व्हिनेगर किंवा कोकमाचं आगळ चवीला घाला हो, पण त्याचा आंबटपणा घरागणिक बदलतो, म्हणून फक्त त्याच्या भरवशावर राहू नका. पातेलं स्टीलचंच, अॅल्युमिनियम किंवा पितळेचं नको.

३. मिक्सरला वाटून मग १० मिनिटं चांगलं खळखळ उकळा, सतत ढवळत. खिडक्या उघड्या ठेवा आणि लहान मुलांना बाहेर पाठवा, व्हिनेगर-मिरचीची वाफ घशात बसते. उकळल्याने यीस्ट मरतं, पण बोटुलिझमच्या (अन्नातून होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेच्या) जंतूंचे बीजाणू साध्या उकळीने मरत नाहीत, त्यांना वाढू देत नाही तो आंबटपणाच. म्हणून पुढची पायरी टाळू नका.

४. पीएच मोजा, म्हणजे आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितका सॉस जास्त आंबट. चमचाभर सॉस गार करून त्यात मीटर बुडवा. ४.६ ही धोक्याची सीमा, पण त्याच्या जवळपास थांबू नका, मी ३.८ च्या खाली आल्याशिवाय बाटलीत भरत नाही. जास्त आला तर व्हिनेगर घालून परत उकळायचं, परत मोजायचं. कागदी पट्टी स्वस्त पडते, पण लाल सॉसमध्ये तिचा रंगच कळत नाही, तेव्हा छोटा मीटर घेतलेला बरा, तोही वापरण्याआधी ४ आणि ७ पीएचच्या बफरमध्ये (ठरावीक पीएचच्या तयार द्रावणात) जुळवून घ्या.

५. काचेच्या बाटल्या १० मिनिटं पाण्यात उकळून गरम असतानाच, सॉसही वाफाळता असताना भरा (८५ अंशांच्या खाली जाऊ देऊ नका), वर बोटभर जागा सोडून झाकण लावा आणि २-३ मिनिटं फडक्याने धरून बाटली उलटी ठेवा म्हणजे झाकणाच्या आतली बाजूही गरम सॉसने भाजून निघते.

घट्ट वाटला म्हणून भरताना वरून पाणी घालू नका, विहिरीचं तर नाहीच. पातळ करायचाच असेल तर उकळताना व्हिनेगरने करा.

मुद्दाम आंबवलेला सॉस आवडत असेल तर मिरचीच्या वजनाच्या अडीच-तीन टक्के मीठ घालून आठवडाभर आंबवा, पण बाटलीत भरायच्या आधी वरच्यासारखाच उकळा. आंबवल्यानंतर त्यात गूळ किंवा फळ घातलं की यीस्टला नवीन खाऊ मिळतो, त्यामुळे न उकळता घालूच नका.

उघडल्यावर बाटली फ्रीजमध्ये, चमचा कोरडा, झाकणावर तारीख. बूच फुगलं, फेस आला किंवा वर केसाळ बुरशी दिसली तर चाखून बघायला जाऊ नका, मोरीत ओल्या फडक्याखाली हळूच झाकण सैल करा आणि सगळं टाकून द्या, वरचा थर काढून खालचं वापरायचं नाही.