पडीक होडी पुन्हा पाण्यात

होडी ताब्यात घेण्याआधी मालकाकडून लेखी घेतलं. पडीक दिसली तरी ती कुणाची तरी असतेच. मग रंगाच्या नादी न लागता स्क्रूड्रायव्हरने फळ्या टोचून पाहिल्या. जिथे टोक सहज आत शिरलं, तिथलं लाकूड कुजलेलं. टणक लाकूड लागेपर्यंत तेवढा भाग कापला, नवा तुकडा इपॉक्सीने (दोन भाग मिसळून लावायच्या पक्क्या गोंदाने) बसवला. लोखंडी खिळे गंजताना आजूबाजूचं लाकूडही खातात, म्हणून तांब्याचे मारले.

सांध्यांत कापसाची वात ठोकली, पण बेतानेच. सुकलेलं लाकूड पाण्यात फुगतं. वात ठासून भरली तर फळ्याच सरकतात. पाण्यात सोडल्यावर होडी चांगलीच गळली (बघ्यांना तेवढीच करमणूक!). काठाला बांधून पाणी उपसत राहिलो. फळ्या फुगल्या, गळती आटोक्यात आली. आतला रंग अजून बाकी आहे.