आश्विनातले ताट: अंबाडीची भाजी आणि गोळाभात

पावसाळा ओसरून थंडी सुरू होण्याआधीच्या दिवसांत नागपुरात पाहुण्यांना वांग्याची भाजी करून वाढण्याची घाई असते, पण माझ्या मते दसरा ते दिवाळी या काळाचा मान अंबाडीचा आहे. कपाशीच्या आणि ज्वारीच्या शेताच्या कडेला खरिपात पेरलेल्या अंबाडीला या सुमारास फुले येऊ लागतात, आणि एकदा झाड फुलांवर आले की पाने राठ होतात. म्हणून कॉटन मार्केटच्या भाजीबाजारात सकाळी लवकर जावे आणि कोवळ्या शेंड्यांच्या, कळी न धरलेल्या दोन जुड्या निवडाव्यात. लाल देठाची अंबाडी हिरव्या देठाच्या अंबाडीपेक्षा अधिक आंबट असते, हेही घेताना लक्षात ठेवावे.

चार माणसांसाठी पाव वाटी तूरडाळ, पाव वाटी ज्वारीच्या कण्या आणि मूठभर शेंगदाणे दोन तास भिजवावेत. पाने खुडून, देठ टाकून, दोनतीन पाण्यांत धुवावीत आणि वेगळ्या पातेल्यात उकळून, निथळून, हाताने दाबून पाणी काढावे. सगळे पाणी काढल्यास भाजी बेचव होते, तर अजिबात न काढल्यास खाणाऱ्याचे दात आंबतात. डाळ, कण्या आणि दाणे मात्र साध्या पाण्यात आधी पूर्ण मऊ शिजवून घ्यावेत, कारण आंबट पाण्यात डाळ लवकर शिजत नाही. सगळे एकदम कुकरमध्ये घालणाऱ्यांची डाळ टचटचीत राहते ती याचमुळे. त्यानंतर पाने त्यात मिसळून, रवीने किंवा घोटणीने घोटून, हळद, तिखट, मीठ आणि चिमूटभर गूळ घालून दहा मिनिटे मंद आचेवर रटरटू द्यावे. भांडे स्टीलचे किंवा कल्हई केलेले असावे. बिनकल्हईच्या पितळेत वा ॲल्युमिनियममध्ये आंबट भाजी शिजवू नये.

गोळाभातासाठी एक वाटी हरभऱ्याच्या डाळीचा भरडा घ्यावा. बारीक बेसन चालत नाही, त्याचे गोळे चिकट होतात. भरड्यात तिखट, हळद, मीठ, जिरे, चिरलेला सांभार (कोथिंबीर) आणि तीन चमचे कडकडीत तेलाचे मोहन घालावे, आणि पाणी अगदी बेताने शिंपडत लिंबाएवढे गोळे वळावेत. दीड वाटी तांदूळ उघड्या पातेल्यात शिजत ठेवावेत, आणि वरचे पाणी आटून भात बोटचेपा होऊ लागला की त्यावर गोळे हलकेच मांडून, घट्ट झाकण ठेवून, मंद आचेवर पंधरा ते वीस मिनिटे वाफवावेत. गोळा फोडून आतून कच्चा लागला, तर बाजूने थोडे गरम पाणी सोडून आणखी पाच मिनिटे ठेवावे.

गोळाभाताबरोबर एरवी कढी किंवा चिंचेचे सार करतात. या ताटात मी ते करत नाही, कारण एका ताटात दोन आंबट पदार्थ आले की दोन्हींची चव मारली जाते.

तेलात कंजूसी करू नये. पाऊण वाटी तेल तापवून मोहरी, हिंग, दहाबारा ठेचलेल्या लसूणपाकळ्या आणि चारपाच सुक्या लाल मिरच्या (भिवापुरी मिळाल्यास उत्तम) घालाव्यात, आणि लसूण तांबूस होताच आच बंद करावी. यातील निम्मी फोडणी भाजीवर ओतावी. उरलेली गरम असतानाच ताटात कुस्करलेल्या गोळ्यावर आणि भातावर प्रत्येकाला चमच्याने वाढावी. भाकरी ताज्या दळलेल्या ज्वारीच्या पिठाची करावी, कारण जुन्या पिठाची भाकरी थापताना कडेने चिरते. सोबत कांदा पुरे. जेवणानंतर आंबिया बहाराचे (याच सुमारास तोडणीला येणारे) संत्रे किंवा उकडलेले शिंगाडे द्यावेत.

अंबाडी उरली तर चिंता नको. रात्रभरात कण्या फुगून ती घट्ट होते; सकाळी थोड्या पाण्यात सैल करून, लसणाची नवी फोडणी देऊन शिळ्या भाकरीबरोबर खावी.